अक्कांनी पारखलेलं मशीन

माझ्या सासूबाईंना घरात लहानथोर सगळेच अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. सासऱ्यांना नाना. धुळ्याला देवपुरात आमचं तीन खोल्यांचं घर होतं. नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि मी एका हायस्कुलात मराठी आणि भूगोल शिकवायचे. आमचे हे वरणगावच्या कारखान्यात नोकरीला. ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेची एसटी धरून परत जायचे. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघंच. माझं माहेर जळगाव शहरातलं. अक्का मात्र साक्रीकडच्या खेड्यातल्या, बोलणं अस्सल अहिराणी. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर त्या काही बोलल्या की मी जरा थांबून अर्थ लावायचे आणि मग मान हलवायचे. त्यांना वाटायचं, सून विचारी आहे.

आमच्यात भांडण असं कधी झालं नाही, पण गप्पाही फारशा व्हायच्या नाहीत. सकाळी मी डबे भरायचे, त्या भाकरी थापायच्या. संध्याकाळी मी वह्या तपासायचे, त्या डाळ-तांदूळ निवडत बसायच्या. कोणाला काय हवं ते अक्का न विचारता ओळखायच्या. नानांचा आल्याचा चहा, ह्यांच्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, माझ्यासाठी कमी तिखटाची वाटीभर आमटी वेगळी काढलेली. त्यांना स्वतःला काय आवडतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तसा प्रश्नही कधी मनात आला नव्हता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. थंडीच्या दिवसांत जळगावात माझ्या चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि आम्ही सगळे गेलो. त्या काळी जरा बऱ्या घरचं लग्न म्हटलं की मांडवाच्या एका कोपऱ्यात एस्प्रेसो कॉफीचं मशीन असायचं. पितळी बंबासारखं उंच, वर घुमट, बाजूला नळी. मशीनवाला स्टीलच्या मगात दूध घेऊन नळीखाली धरायचा, चावी फिरवायचा आणि सूंऽऽ असा आवाज सगळ्या मांडवात घुमायचा. मग कपात फेसाळ कॉफी, वर चिमूटभर तपकिरी पूड.

मी अक्कांना एक कप आणून दिला. नको नको म्हणत त्यांनी तो घेतला, पदराआड तोंड नेऊन घोट घेतला आणि थांबल्या. वरच्या ओठावर फेसाची पांढरी रेघ.

"हाई काय शे वं?" त्यांनी विचारलं.

"एस्प्रेसो कॉफी."

त्यांनी उरलेली कॉफी सावकाश संपवली, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आजून एक आन."

दुसरा कप झाल्यावर त्या दिसेनात. निघायची वेळ झाली, नाना घड्याळ बघायला लागले. शोधत गेले तर अक्का मशीनपाशी उभ्या. मशीनवाला डोक्याला मफलर गुंडाळलेला पन्नाशीचा माणूस होता. अख्ख्या लग्नात त्याच्याशी कोणी दोन शब्द बोललं नसावं, त्यामुळे तो अगदी रंगात येऊन अक्कांना सांगत होता, "नळी खाली बुडवायची नाही अक्का, दुधात वरच्यावर धरायची. चावी सोडली की आधी पाणी थुंकतं, ते बाहेर जाऊ द्यायचं. आणि कान द्यायचा. सुरुवातीला आवाज फाटका येतो, मग भरदार होतो. भरदार झाला की समजायचं, झालं."

अक्का मान डोलवत ऐकत होत्या. लग्नघरच्या चार बायका त्यांच्याशी बोलायला आल्या, त्यांच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

धुळ्याला परत आल्यावर त्यांनी घरी खटपट सुरू केली. कॉफीची बाटली माझ्याकडून मागवली. पूड आणि साखर थेंबभर पाण्यात इतकी घोटायची की रंग पिवळट व्हावा, हे त्यांनी मशीनवाल्याच्या हाताकडे पाहून टिपलं होतं. दूध तापवून त्यात ताकाची रवी घुसळून पाहिली. फेस आला, पण कपात ओतेपर्यंत बसला. अक्का म्हणाल्या, "वाफ नही ना. वाफबिगर काय उपेग?" एकदा तर कुकरची शिट्टी काढून त्या वाफेवर दुधाचं पातेलं धरायच्या बेतात होत्या. मी आडवी आले. नाना ओट्यावर बसून हसत होते. "चहाने काय पाप केलं?" असं ते रोज एकदा विचारायचे.

त्या मे अखेरीला नाना निवृत्त झाले. कचेरीत शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी आल्यावर शाल काढून ठेवता ठेवता ते मला म्हणाले, "बेटा, रविवारी जळगावला जायचं. तुझ्या सासूला पाटल्या करायच्या आहेत." नानांचं लग्न झालं तेव्हा घरची ओढाताण होती, अक्का काचेच्या बांगड्यांवर सासरी आल्या होत्या. ती गोष्ट नानांच्या मनात इतकी वर्षं होती हे मला त्या दिवशी कळलं. आणि सोनं घ्यायचं तर जळगावचंच, यात त्यांच्या मते चर्चेला जागा नव्हती.

ह्यांची रविवारी ड्युटी निघाली, म्हणून आम्ही तिघंच पारोळा-एरंडोलच्या एसटीने गेलो. नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वाटेत ते उत्साहाने पाटल्यांच्या घडणीबद्दल बोलत होते. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

सराफाच्या पेढीवर पांढऱ्याशुभ्र गादीवर आम्हाला बसवलं. थंड पाणी आलं. सराफ वयस्कर, गोड बोलणारे होते. त्यांनी मखमली तबक पुढे सरकवलं आणि पाटल्यांचे चार-पाच जोड मांडले. अक्कांनी एक हातात घातला, काढला. दुसरा घातला, काढला. नाना विचारत होते, "हा कसा आहे? तो नक्षीचा बघ ना." अक्का म्हणत होत्या, "बरा शे." सगळेच बरे होते.

तिसऱ्या जोडानंतर त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि नानांकडे न बघता, तबकाकडे बघत म्हणाल्या, "माले ते सूं करनारं मशीन जोयजे."

नानांना काही कळलं नाही. सराफांना वाटलं शिलाई मशीन. ते म्हणाले, "ताई, शिवणाचं मशीन का?" मला मात्र लगेच उमगलं आणि अशा गंभीर जागी हसू आवरता आवरेना.

"कॉफीचं," मी म्हणाले. "लग्नात असतं ते. एस्प्रेसो."

नानांचा चेहरा उतरला. "अगं, आपण इथे कशाला आलो आहोत? लोक काय म्हणतील?"

"पाटल्या लोके देखतीन," अक्का म्हणाल्या. "कॉफी मी पिसु."

इतकंच बोलल्या. आवाज चढवला नाही, पण जागच्या हलणार नाहीत हे दिसत होतं. त्या घरात मी चार वर्षं होते आणि अक्कांना स्वतःसाठी काही मागताना पहिल्यांदाच ऐकत होते. सराफांनी मात्र मन मोठं केलं. तबक मागे ओढत ते हसून म्हणाले, "काका, सोनं कुठे जात नाही. पुढच्या गल्लीत भांड्यांचं मोठं दुकान आहे, त्यांच्याकडे घरगुती मशीनं आली आहेत असं ऐकतो. आधी ताईंची हौस करा."

भांड्यांच्या दुकानात छतापासून बादल्या आणि चाळण्या टांगलेल्या. मालक चाळिशीचे, बोलण्यात हुशार. त्यांनी तीन मशीनं दाखवली. पहिलं लग्नातल्यासारखंच पण अर्ध्या उंचीचं. अक्कांचे डोळे चमकले, पण त्याला वेगळी मोठी शेगडी लागते आणि पन्नास माणसांच्या खालचं काम त्यावर परवडत नाही हे ऐकून त्यांनी स्वतःच मान हलवली. दुसरं विजेवरचं, काळं चकचकीत, काचेच्या छोट्या भांड्याचं. कोणीतरी मुंबईहून मागवून दिलेलं. मालकांना तेच खपवायचं होतं हे उघड होतं.

"ताई, हे खरं एस्प्रेसो. फॉरेनला लोक हेच पितात," असं म्हणत त्यांनी त्यात पूड भरली, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं आणि खाली दोन घोट काळी कॉफी पडली. अक्कांनी ती तोंडात घेतली आणि त्यांचे डोळे बारीक झाले. कसाबसा घोट गिळून म्हणाल्या, "हाऊ ते काढा शे, भाऊ. आमना घर कोनी आजारी नही."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली. मालक म्हणाले, "दूध घातलं की चांगली लागते, आणि वाफेची नळीही आहे याला."

"आनि करंट गया तर?" अक्कांनी विचारलं. "आमना कडे दुपारे रोज जास."

मालकांनी ते बाजूला सरकवलं. त्यांनी तिसरं काढलं. हे गॅसवर ठेवायचं, बसकं, कुकरच्या धाकट्या भावासारखं. जाड अॅल्युमिनियमचं भांडं, घट्ट बसणारं झाकण, झाकणावर सुरक्षेची झडप, बाजूला वाकडी नळी आणि तिला काळी चावी. पाणी भरायचं, उकळायचं, वाफ धरायची, चावी सोडायची. कॉफी आपण कपात घोटून घ्यायची. लग्नातलं मशीनसुद्धा नेमकं एवढंच करतं, हे अक्कांना त्या लग्नापासून माहीत होतं. त्यांनी ते मशीन उचलून वजन बघितलं, झाकण उघडून आत बोट फिरवलं, रबर काढून ताणून बघितलं, परत बसवलं. मग म्हणाल्या, "चालाडी दखाडा."

मालकांनी कोपऱ्यातल्या गॅसवर पाणी चढवलं आणि पिशवीचं दूध मागवलं. अक्कांनी ते मगात ओतून पाहिलं. "दूध शे का पानी?" आणि माझ्याकडे वळून, "बेटा, म्हशीनं आन."

मी उन्हात डेअरी शोधत निघाले. तीन दुकानं पालथी घातल्यावर म्हशीचं दूध मिळालं. परत आले तेव्हा दुकानासमोर सात-आठ माणसं जमली होती आणि नाना लांब एका स्टुलावर, आपला या मंडळींशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने बसले होते.

झाकणाच्या कडेने बारीक वाफ सुटत होती. मालकांचं तिकडे लक्ष नव्हतं, अक्कांचं होतं. "कडथीन वाफ निंघी राह्यनी, भाऊ. दुसरं दखाडा." दुसरा नग आला. त्याची चावी घट्ट होती, फिरवताना अक्कांचा अंगठा दुखला. तोही परत. मालक आता घामाघूम झाले होते. तिसरा नग चढला. कडा कोरड्या राहिल्या. चावी हलकी फिरली.

मालक दुधाचा मग हातात घ्यायला पुढे झाले तर अक्का म्हणाल्या, "माले करू द्या." आणि पदर खोचून त्यांनी मग धरला. आधी पाणी थुंकू द्यायचं होतं, ते त्या घाईत विसरल्या. चावी सोडताच गरम पाणी आणि दूध फर्रकन उडालं आणि मालकांच्या शर्टावर पांढरी नक्षी उमटली. माणसं हसली. मालकही हसले, दुसरं काय करणार. अक्कांनी जीभ चावली, "व माय!" म्हणाल्या, फडक्याने नळी पुसली आणि पुन्हा सुरू केलं. यावेळी पाणी बाहेर सोडलं. नळीचं टोक दुधाच्या वरच्या थरात धरलं आणि मान तिरपी करून कान दिला. आधी फाटका, चरचरता आवाज. मग हळूहळू तो जड होत गेला, भरत गेला.

"आते झायं," त्या म्हणाल्या.

दूध मगाच्या काठापर्यंत फुगलं होतं. मालकांनी कप मांडले. पहिला कप अक्कांनी त्यांनाच दिला, शर्टाची भरपाई म्हणून असावा. दुसरा माझ्या हाती देत म्हणाल्या, "नानासले दे." नानांनी तो घेतला नाही. मीच प्यायले. इतकी चांगली कॉफी मी आजवर प्यायले नव्हते, पण त्या दिवशी उन्हात केलेली पायपीटही त्यात होती.

जमलेल्यांपैकी एका बाईंनी त्याच मशीनची चौकशी केली, तेव्हा अक्कांनी त्यांना बजावलं, "कड देखीसन ल्या बरं." मालकांनी आम्हाला तीन रबरं जास्तीची दिली. निघताना ते नानांना म्हणाले, "काका, या रविवारी-रविवारी इथे बसतील का? माझी सगळी मशीनं खपतील."

नाना सरळ स्टँडच्या दिशेने चालू लागले. परतीच्या एसटीत खोकं अक्कांच्या मांडीवर होतं आणि नाना पुढच्या बाकावर एकटे. एरंडोलला गाडी थांबली, अक्का पाणी प्यायला उतरल्या, तेव्हा ते मागे वळले. "मला वाटलं होतं, तिला आनंद होईल," ते म्हणाले. "इतकी वर्षं मनात धरून होतो मी."

"नाना, त्यांना आनंद झालाच आहे की," मी म्हणाले.

"हो, पण मला द्यायचं होतं ते राहिलं." ते पुढे बघत बसले. ह्या माणसाला इतकं लागलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पाटल्या पुढे एका दिवाळीला झाल्याच. नाना सोडणारे नव्हते. पण त्या दिवशी त्यांचं मन कोमेजलं ते कोमेजलंच.

घरी मशीनचं कौतुक सुरू झालं. अक्कांची कॉफी दुपारी चारची. मी शाळेतून आले की माझा कप झाकून ठेवलेला असायचा, आणि शेजारच्या बायका काही ना काही निमित्ताने डोकावायच्या. त्या कॉफीवर आमच्या दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. अक्का मला त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या, मी त्यांना शाळेतल्या. वर्गात त्यांचा पहिला नंबर असायचा, चौथीनंतर शाळा सुटली, हे मला त्याच दिवसांत कळलं. त्यांचं बोलणं ऐकताना अर्थ लावायला थांबावं लागत नाही हेही एकदा अचानक माझ्या लक्षात आलं.

नाना मात्र चारला स्वतःचा चहा मागायचे आणि पेपरात तोंड घालून प्यायचे. निवृत्त माणसाला दिवस मोठा असतो. ते दुपारभर येरझारा घालायचे, घड्याळाला किल्ली द्यायचे, बाहेरच्या कुंडीतली माती उकरायचे.

महिना-दीड महिना झाला असेल. एका दुपारी शाळेला सुट्टी होती, मी घरीच होते. अक्कांनी मशीन चढवलं, चावी फिरवली तर नळीतून काहीच येईना. आतल्या आत गुरगुर. अक्का वाकून बघत असतानाच झाकणावरची झडप फट्कन उडाली आणि वाफेचा लोट सरळ छताला गेला. अक्का मागे सरकल्या, मी किंचाळले, आणि नाना पेपर टाकून धावत आले ते थेट गॅस बंद करूनच थांबले.

कोणाला इजा झाली नाही. छतावर मात्र गोल डाग पडला. नानांनी आधी अक्कांचे दोन्ही हात धरून उलटसुलट बघितले. मग मशीनकडे वळले. आता हे माळ्यावर जाणार असं मला वाटलं, अक्कांनाही वाटलं असावं.

नानांनी चष्मा लावला, मशीन गार होऊ दिलं आणि नळी उजेडाकडे धरली. "यात दूध वाळून दगड झालंय," ते म्हणाले. "स्टोव्हची पिन कुठे आहे?"

पिन आली. नानांनी अर्धा तास बसून नळी कोरली, गरम पाण्यात बुडवली, पुन्हा कोरली, फुंकर मारून बघितली. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्म कागदांवर घालवला होता, पण तुंबलेल्या पाण्याबद्दल त्यांना आपलं काही कळतं असं त्यांना मनापासून वाटायचं. "चावी बंद करताना नळी दुधात ठेवतेस तू," ते अक्कांना म्हणाले. "ती दूध आत ओढते. आधी बाहेर काढ, मग मोकळी वाफ सोड, मग बंद कर."

"त्या मानूसनी हाई नही सांगं," अक्का पुटपुटल्या.

"त्याच्याकडे सांगायला वेळ होता का? मी सांगतो ना."

त्या दिवसापासून पिन नानांच्या शर्टाच्या खिशात गेली. चार वाजले की ते स्वयंपाकघरात हजर. नळी तपासल्याशिवाय मशीन चढवायचं नाही असा त्यांनी नियमच केला. रबरं ते धुऊन वाळवायचे. चहा अजूनही प्यायचे, पण "नळी कशी चालते ते बघायला" म्हणून अर्धा कप कॉफीही घेऊ लागले, आणि हळूहळू तो अर्धा कप पाऊण झाला.

एका शनिवारी आमची सकाळची शाळा लवकर सुटली. जेवणं आटोपून मी जरा आडवी झाले होते, स्वयंपाकघरातून सूंऽऽ ऐकू आलं आणि मला जाग आली. उठून दारापर्यंत गेले. अक्का पाटावर बसल्या होत्या, हात मांडीवर. गॅसपाशी नाना उभे, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, एका हातात मग, दुसरा चावीवर. नानांना मी तोवर गॅस पेटवतानाही पाहिलं नव्हतं.

"आवाज आयका," अक्का सांगत होत्या. "आजून फाटका शे. थांबा... आजून थांबा... आते."

नानांनी आधी नळी बाहेर काढली, मोकळी वाफ सोडली, मग चावी बंद केली. कप भरताना थोडं बशीत सांडलं. तो कप त्यांनी दोन्ही हातांनी अक्कांपुढे ठेवला आणि बाजूला उभे राहिले, साहेबापुढे फाईल ठेवून उभं राहावं तसे.

अक्कांनी घोट घेतला. नाना त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"साखर कमी शे," अक्का म्हणाल्या, आणि कप खाली न ठेवता शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

तेवढ्यात नानांचं लक्ष दाराकडे गेलं. ते जरासे लाजले. मग मगात उरलेलं दूध हलवून बघत अक्कांच्याच बोलीत म्हणाले, "तू उनी का? बैस. तुले बी देस."